मोठी मालिका संपल्यावर मांगाकाने काय काढावं? माझं मत : दुसरा भाग सोडून काहीही

शाईपेन

२०२४च्या ऑगस्टमध्ये 'माय हिरो अकॅडेमिया' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा मालिका संपली, पाठोपाठ सप्टेंबरअखेर 'जुजुत्सु कायसेन'. तेव्हापासून चाहत्यांच्या कुठल्याही गटात डोकवा, एकच धोशा : पुढचा भाग कधी? 'जुजुत्सु'च्या बाबतीत तो वर्षभरातच फळाला आला. आकुतामी गेगे यांचं लेखन आणि इवासाकी युजी यांची चित्रं असा तिचा पुढचा भाग 'मोड्युलो' २०२५च्या सप्टेंबरात सुरू झाली. ती मी वाचली, आवडलीही. तरीही हा धागा काढतोय, कारण संपलेल्या मालिकेच्या मांगाकाकडे, म्हणजे ती काढणाऱ्या कलाकाराकडे, आपण दुसरा भाग मागूच नये असं माझं ठाम मत आहे. दर आठवड्याला एकोणीसेक पानं देण्याच्या रगाड्यात जे काढता आलं नाही, ते त्याला काढू द्यावं.

माझ्या डोळ्यांसमोर आहेत इनोउए ताकेहिको. शाळकरी बास्केटबॉलवरची त्यांची 'स्लॅम डंक' १९९० ते १९९६ 'शोनेन जम्प' या मांगा साप्ताहिकात चालली, ३१ खंड झाले. तो जम्पचा सुवर्णकाळ होता. १९९५च्या सुरुवातीला या साप्ताहिकाचा खप ६५ लाखांच्या वर गेला होता. अशा वेळी इनोउए यांनी सान्नो शाळेविरुद्धचा सामना जवळजवळ शब्दांविना संपवला, पुढच्या फेरीत नायकाचा संघ शोहोकू दणकून हरल्याचं एका ओळीत सांगून टाकलं आणि शेवटी छापलं गेलं : पहिला भाग समाप्त. जपानभरचे वाचक दुसऱ्या भागाची वाट बघत बसले.

त्यांनी काढलं काय? १९९८ मध्ये दुसऱ्याच प्रकाशनाच्या 'मॉर्निंग' साप्ताहिकात 'वॅगाबाँड'. योशिकावा एइजी यांच्या तलवारबाज मुसाशीवरच्या कादंबरीचा आधार, पण त्याचा प्रतिस्पर्धी सासाकी कोजिरो जन्मतः बहिरा, ही कल्पना इनोउए यांची. पुढे तर पेन बाजूला ठेवून त्यांनी ब्रश हातात घेतला. १९९९ मध्ये 'रिअल' आली, व्हीलचेअर बास्केटबॉलवर. 'स्लॅम डंक'च्या शेवटच्या सामन्यात नायक साकुरागीची पाठ दुखावते आणि तो तशाच अवस्थेत खेळतो. आपण टाळ्या वाजवतो. 'रिअल'मधल्या मुलांच्या बाबतीत शरीराचं नुकसान आधीच होऊन गेलंय, ते भरून येणार नाही, आणि गोष्ट तिथून पुढे चालते. माझ्या लेखी 'स्लॅम डंक'चा खरा दुसरा भाग हाच. साकुरागीला पुन्हा मैदानात उतरवला असता तर हे पुस्तक झालंच नसतं.

आणि ते परत आले नाहीत असंही नाही. २००४ मध्ये 'स्लॅम डंक'च्या खपाने दहा कोटींचा टप्पा गाठला, तेव्हा कानागावातल्या मिसाकीच्या बंद पडलेल्या शाळेत त्यांनी २३ फळ्यांवर खडूने 'दहा दिवसांनंतर' काढलं. डिसेंबर २०२२ मध्ये 'द फर्स्ट स्लॅम डंक' हा चित्रपट स्वतः लिहिला, दिग्दर्शित केला. सामना तोच, पण गोष्ट शोहोकूच्याच मियागी र्योताची, ज्याच्या घरादाराबद्दल मूळ मांगात जवळजवळ काहीच नव्हतं. मधली वर्षं 'वॅगाबाँड' आणि 'रिअल'वर घालवल्याशिवाय तो चित्रपट असा झाला नसता.

रानवारा

असहमत. उदाहरण तुम्ही सोयीचं निवडलंय.

'वॅगाबाँड' २०१५ पासून थांबलंय. ३७ खंड वाचून आम्ही गानर्यु बेटावरच्या द्वंद्वाची वाट बघतोय, मुसाशी आणि कोजिरो यांची ती लढत अजून झालेली नाही. 'रिअल'लाही मधे कित्येक वर्षं खंड पडला होता. कलाकाराला मनासारखं करू द्या हे वाक्य ऐकायला सुंदर आहे, पण त्याची किंमत वाचक भरतो. ज्या वाचकांनी सहा वर्षं दर आठवड्याला अंक विकत घेऊन त्यांना हे स्वातंत्र्य मिळवून दिलं, त्यांनी काही मागायचंच नाही?

आता किशिमोतो मासाशी घ्या. 'नारुतो' १९९९ ते २०१४, ७२ खंड. त्याचा पुढचा भाग 'बोरुतो' त्यांनी आधी दुसऱ्यांवर सोपवलं : लेखन कोदाची उक्यो, चित्रं इकेमोतो मिकिओ, जे 'नारुतो'च्या काळात त्यांचेच सहायक होते. आणि स्वतः काय केलं? तुम्ही म्हणता तेच. अगदी नवं जग, अंतराळातले सामुराई, 'सामुराई ८'. ओकुबो आकिरा या आपल्या जुन्या सहायकाला चित्रं दिली, मे २०१९ मध्ये सुरू केलं, मार्च २०२०ला गाशा गुंडाळला. पाच खंड. नोव्हेंबर २०२० मध्ये ते 'बोरुतो'च्या लेखनावर परतले आणि माझ्या मते तिथून पुढे 'बोरुतो' खरंच सुधारलं. पंधरा वर्षं जे जग स्वतःच्या हातांनी उभं केलं तिथे परत जाण्यात कमीपणा कसला? ते त्याचं घर आहे.

मृगजळ_०७

'सामुराई ८' अपयशी ठरलं याचा दोष नव्या विषयाला का? मी ते सगळं वाचलं. पहिल्या काही चॅप्टरमध्येच इतक्या संज्ञा अंगावर येतात की पात्रं दिसेनाशी होतात. सुरुवातीलाच एका भुकेल्या, एकट्या पोराची गोष्ट सांगून 'नारुतो'ने आपल्याला धरलं होतं. इथे तो धागाच हाती लागत नाही. ती मांडणीची चूक झाली.

शाईपेन, तुमच्या बाजूने सगळ्यात बळकट उदाहरण अराकावा हिरोमू आहे आणि तिचं नाव तुम्ही घेतलंच नाहीत. 'फुलमेटल अल्केमिस्ट' २००१ ते २०१०, २७ खंड, जगभर डोक्यावर घेतलेली कल्पित युद्धकथा. त्यानंतर २०११ मध्ये 'शोनेन संडे' या दुसऱ्या साप्ताहिकात ती घेऊन आली 'सिल्व्हर स्पून' : होक्काइदोतल्या शेतकी शाळेत आलेला एक शहरी मुलगा. जादू नाही, खलनायक नाही. पहाटे उठून शेण काढायचं, गाईचं दूध काढायचं, अंडं कुठून येतं हे बघून हादरायचं.

त्यातलं डुकराच्या पिल्लाचं प्रकरण मी कधीच विसरणार नाही. तो शहरी मुलगा, हाचिकेन, एका अशक्त पिल्लाचा लळा लावून घेतो. नाव काय ठेवतो, तर बुतादोन, म्हणजे पोर्क घातलेला भाताचा वाडगा. म्हणजे शेवट पहिल्या दिवशीच माहीत आहे. तो त्याला वाढवतो, कत्तलखान्यात पाठवतो, मग त्याचं मांस स्वतःच्या पैशाने विकत घेऊन बेकन करतो, मित्रांना खाऊ घालतो. अराकावाने यात कुणालाही दोषी ठरवलेलं नाही आणि वाचकाला सुटकाही दिलेली नाही. 'काहीतरी मिळवायचं तर तेवढंच काहीतरी द्यावं लागतं' हा 'अल्केमिस्ट'चा नियम, तो इथे गोठ्यात उतरलाय.

आणि हे ती काढू शकली कारण ती स्वतः होक्काइदोतल्या दुधाच्या शेतावर वाढली, तशाच शाळेत शिकली, शाळेनंतर कित्येक वर्षं घरच्या शेतावर राबली. नऊ वर्षं अल्केमिस्ट काढताना हे सगळं तिच्यापाशी होतंच. २०१२चा मांगा ताइशो पुरस्कार याच पुस्तकाला मिळाला.

अटकेपार

मी ओसाकात राहतो, त्यामुळे एक मुद्दा जवळून दिसतो. तुम्ही सगळे कलाकाराच्या इच्छेबद्दल बोलताय, मासिकाबद्दल कुणीच नाही.

जम्पच्या अंकात वाचकांसाठी कार्ड असतं. त्यावर आवडलेल्या तीन मालिका लिहून पाठवायच्या. त्या मतांवर नव्या मालिकेचं भवितव्य ठरतं, आणि ज्यांना मतं मिळत नाहीत त्यांचा निकाल काही महिन्यांत लागतो. नावाजलेल्या कलाकारालाही यातून फार सूट नाही, 'सामुराई ८'चं काय झालं ते वर आलंच आहे. याउलट जुन्या पात्रांना घेऊन आलात तर पहिल्याच आठवड्यात मतं तयार. म्हणून कलाकाराने 'स्वतःहून' दुसरा भाग निवडला असं आपण म्हणतो, तेव्हा त्या निवडीला किती वाव होता हेही बघायला हवं. इनोउए 'मॉर्निंग'मध्ये गेले, अराकावा 'संडे'त. दोघांनाही जुन्या मासिकाबाहेर पडल्यावरच मोकळीक मिळाली, हा योगायोग मला वाटत नाही.

आता मात्र एक नवी वाट झालीय. २०१४ पासून चालणारं 'जम्प प्लस' इंटरनेटवर आहे, तिथे पानांची मोजदाद तेवढी कडक नाही. फुजिमोतो तात्सुकीने 'चेनसॉ मॅन'चा पहिला भाग डिसेंबर २०२०ला संपवला आणि जुलै २०२१ मध्ये तिथे 'लुक बॅक' टाकलं, सुमारे १४० पानांची सलग गोष्ट. चित्रं काढणाऱ्या दोन मुली, त्यांची मैत्री, आणि एक मृत्यू. पुढच्या एप्रिलमध्ये 'गुडबाय एरी'. त्यानंतर तो 'चेनसॉ मॅन'च्या दुसऱ्या भागाकडे वळला. साप्ताहिकात ही दोन पुस्तकं बसलीच नसती. भारतात आपण हे सगळं 'मांगा प्लस'वर इंग्रजीत वाचतो, ते त्याच प्रकाशनाचं ॲप.

चिमणराव_नागपूर

आणि काहीच काढलं नाही तर? गोतोगे कोयोहारू यांनी 'डेमन स्लेयर' मे २०२० मध्ये संपवली, २३ खंडांत, लोकप्रियता शिखरावर असताना. त्यानंतर नवी मालिका नाही. चेहराही कुणी पाहिलेला नाही. २०२५च्या सप्टेंबरात त्यावरचा चित्रपट 'इन्फिनिटी कॅसल' आपल्याकडे चित्रपटगृहात लागला, नागपुरात पहाटेच्या खेळाला पोरांची गर्दी होती, आणि ज्यांनी हे निर्माण केलं त्यांनी पुढे काही द्यायला हवं असं मला एकदाही वाटलं नाही. तोगाशी योशिहिरो यांची पाठ 'हंटर हंटर' काढताना किती गेलीय ते आपण बघतोच आहोत. शरीर सांभाळून घरी बसणं हाही हक्क आहे.

रानवारा

हक्क आहे, मान्य. पण ताकाहाशी रुमिको यांच्याकडे बघा. 'उरुसेई यात्सुरा' १९७८ला सुरू, मग 'रानमा', मग 'इनुयाशा', 'रिन्ने', २०१९ पासून 'माओ'. सगळ्या त्याच 'शोनेन संडे'त. अटकेपार, मासिक बदलल्याशिवाय मोकळीक नाही हा तुमचा मुद्दा इथे टिकत नाही. एक संपली की दुसरी, ना दीर्घ विश्रांती, ना वाचकांशी फारकत.

शाईपेन

ताकाहाशींचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. 'इनुयाशा' २००८ला संपली. २०२० मध्ये 'याशाहिमे' आली, म्हणजे 'इनुयाशा'तल्या पात्रांच्या मुलींची गोष्ट, तेव्हा त्यांनी ॲनिमेसाठी (म्हणजे ॲनिमेशन मालिकेसाठी) पात्रांची रूपं दिली, त्याची मांगा शिइना ताकाशी यांनी काढली. त्या स्वतः 'माओ'च काढत राहिल्या. स्वतःच्या हातातला वेळ त्यांनी नव्या गोष्टीला दिला.

'वॅगाबाँड'बद्दल रानवारा यांचं दुःख मलाही आहे. पण त्यावर उपाय म्हणून इनोउए यांनी १९९७ मध्ये साकुरागीचं दुसरं वर्ष काढायला घ्यायला हवं होतं का? तसं झालं असतं तर अपूर्ण राहायलाही 'वॅगाबाँड' नसतं. शेतीचा तो भाग आठवा, दुष्काळ पडलेल्या गावात तलवार ठेवून जमीन कसणारा मुसाशी. त्या काही खंडांसाठी मी अपूर्णता पत्करेन.

आणि अराकावाबद्दल अजून थोडं. 'सिल्व्हर स्पून' २०१९ला पंधरा खंडांत संपली. २०२१च्या अखेरीस ती 'अल्केमिस्ट'च्याच मासिकात, 'शोनेन गांगान'मध्ये परतली, पुन्हा अद्भुताकडे, पुन्हा भावंडांच्या गोष्टीकडे. पण त्या नव्या मालिकेत, 'योमी नो त्सुगाई'मध्ये, 'अल्केमिस्ट'चे भाऊ एड आणि अल नाहीत. मासिक तेच, वाचक बरेचसे तेच, गोष्ट नवी.

रानवारा

शेतीचे ते खंड मलाही प्रिय आहेत, म्हणूनच पुढचं हवंय.

तोरियामा आकिरा यांचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही. १९९५ला 'ड्रॅगन बॉल' संपवून त्यांनी तुम्ही म्हणता तशीच छोटी कामं केली. 'कोवा!', 'काजिका', २००० मध्ये एका खंडाची 'सँड लँड'. वाळवंटात पाणी शोधणारा म्हातारा शेरीफ आणि राक्षसाचं पोर, फार गोड पुस्तक आहे. पण त्यांना पुन्हा 'ड्रॅगन बॉल'च्या नायकाकडे, गोकूकडे यावंसं वाटलं. २०१३च्या चित्रपटापासून कथेत त्यांनी स्वतः लक्ष घातलं, 'ड्रॅगन बॉल सुपर'ची मांगा तोयोतारोकडे दिली, आणि मार्च २०२४ मध्ये ते गेले तेव्हा 'ड्रॅगन बॉल दाइमा' या ॲनिमेसाठीचं त्यांचं काम झालेलं होतं. त्यात गोकू पुन्हा लहान होतो. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांनी त्यांना तो लहान गोकू हवासा वाटला. वाचकाच्या हट्टापायी त्यांनी ते केलं असं मी मानायला तयार नाही. 'सँड लँड' जितकं त्यांचं, तितकंच 'दाइमा'ही त्यांचं.