मदत हवी आहे: अंगणातली ऑस्ट्रेलियन झुडपं ओळखायची कशी?

रानजाई
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटला घर घेतलं. आधीच्या मालकीणबाईंना इथल्या देशी झुडपांचं वेड होतं, असं शेजारी सांगतात. मागच्या अंगणात हिरवळ नावालाच आहे, बाकी सगळी झुडपं. प्रत्येकाच्या बुडाशी नावाची पट्टी खोचलेली आहे, पण उन्हाने अक्षरं उडालीत. एका पट्टीवर फक्त 'ग्रेव्ही' एवढं उरलंय. त्यावरून घरात व्हायचे ते विनोद होऊन गेले.

नुसती हौस म्हणून विचारत नाहीये. एप्रिलमध्ये गुलाबासाठी आणलेलं खत उरलं होतं, ते मी सगळ्यांना मूठमूठ घातलं. महिन्याभरात १ नंबरच्या झुडपाची पानं कडेने करपली, नवी पालवी पिवळी येतेय. आता नवरा छाटणीची कात्री घेऊन तयार आहे आणि मला भीती वाटतेय. काय आहे हे कळल्याशिवाय हात लावायचा नाही, असं ठरवलंय.

१. चार फुटी. नेच्यासारखी चिरलेली, टोचरी पानं. वीतभर लाल फुलोरा, बारा महिने असतो म्हणे.
२. डोक्याच्या वर जाणारं. आत्ता (जून) फूल नाही. फांद्यांना राखाडी मणी गच्च चिकटलेत, कडं घातल्यासारखे, आणि त्याच फांदीला मण्यांच्या पुढे परत पानं. कीड आहे का?
३. कुंपणाशी, छपराएवढं. पानं निलगिरीसारखी. लाल चेंडू, आणि त्यात पांढऱ्या टाचण्या खोचल्यासारख्या.
४. गुडघ्याएवढं. बारीक पानं, सोनेरी मेणबत्त्या.
५. गुलाबी घंटा खाली लोंबणाऱ्या. पक्ष्यांची झुंबड.
६. हे मात्र मला येतं, रोझमेरी. पण आईने पान चुरगळून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, याला वासच नाही."

फोनमधलं ॲप १ नंबरला सोमवारी एक नाव देतं, मंगळवारी दुसरं. फोटो जोडलेत.

चौकस
फोटो दिसत नाहीयेत.

घाटावरचा
मलाही नाही. २ नंबर बॉटलब्रश असणार. आमच्या पुण्याच्या सोसायटीत फाटकाशी आहे, मणी तसेच असतात. कीड नाही, फळं आहेत ती.

पानगळ
फोटो नसले तरी चालेल, वर्णन झकास केलंय. मी पंधरा वर्षं कॅनबेरात आहे आणि पहिली पाच वर्षं सगळ्याच झुडपांना 'तो ब्रशवाला' म्हणत होतो, त्यामुळे तुमचं दुःख कळतं.

रंग बाजूला ठेवा. या झाडांत रंगाने फसवणूकच होते. फुलोऱ्यातलं एकच फूल चिमट्याने उपटा आणि बघा, ब्रशचा केस म्हणजे नक्की काय आहे. बॉटलब्रशमध्ये एका फुलाला केसांचा झुपका असतो, ते सगळे पुंकेसर. प्रत्येकाच्या टोकाला परागाचा ठिपका. ग्रेव्हिलिया, हाकिया, बँक्सिया या तिघांत एका फुलाला केस एकच, आणि तो पुंकेसर नसून कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, असतो. शाळेत जास्वंदीचं फूल उभं कापून आकृती काढली होती ना, तेवढं ज्ञान पुरतं. पहिलं कुळ जांभळाचं, पेरूचं. दुसरं प्रोटिएसी.

म्हणजे १, ३, ४ या दुसऱ्या कुळातली निघतील असा माझा अंदाज, आणि तुमचं खत त्यांनाच बाधलं असणार. इथल्या जुन्या, झिजलेल्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) फार कमी. म्हणून या कुळाने बारीक मुळ्यांचे झुबके काढून कणाकणाने स्फुरद ओढायची सवय लावून घेतली. त्यांना गुलाबाचं खत म्हणजे उपाशी माणसाला एकदम लग्नाची पंगत. आता काहीही घालू नका. पुढे कधी घालावंसं वाटलंच तर पिशवीवरच्या तीन आकड्यांतला मधला, म्हणजे स्फुरदाचा, बघा, २ च्या आत हवा. बॉटलब्रशला एवढे नखरे नाहीत.

चौकस
पण ग्रेव्हिलिया आणि हाकिया तरी वेगळे कसे करायचे? फुलं डिट्टो असतात.

पानगळ
फळावरून. ग्रेव्हिलियाचं फळ पातळ सालीचं, पिकलं की फुटून पडून जातं. हाकियाचं फळ लाकूड. सुपारीसारखं कठीण, बऱ्याच जातींत टोकाला चोच, आणि वर्षानुवर्षं फांदीवर तसंच. ३ नंबरवर अशी लाकडं आहेत का बघा. असतील तर हाकिया लॉरिना, पश्चिम ऑस्ट्रेलियाची. पानावरूनही कळतं. हाकियाचं पान सहसा दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, ग्रेव्हिलियाचं बरेचदा खालून फिकट, लवदार.

बँक्सियाची मेणबत्ती सुकली की कणीस राहतं, त्यावर ओठ मिटल्यासारखी फळं. रानात ती बऱ्याचदा वणव्यानंतरच उघडतात. गुडघ्याएवढं आणि सोनेरी म्हणजे 'बर्थडे कँडल्स' असावं, बँक्सिया स्पिन्युलोसाचं बुटकं वाण. मेणबत्तीवरची टोकं आकड्यासारखी वळलेली हवीत.

पाचगणीकर
ग्रेव्हिलिया म्हणजे आपल्याकडचा सिल्व्हर ओकच की! पाचगणीत रस्त्याच्या दुतर्फा आहे तो ग्रेव्हिलिया रोबस्टा. लहानपणापासून ओक समजत आलो, ओकाशी काही संबंध नाही. नारिंगी टूथब्रशसारखी फुलं येतात त्याला.

पानगळ
अगदी. १ नंबर त्याचाच बुटका भाऊबंद. आता ॲप का गोंधळतं ते सांगतो. हे रानातलं झाड नाही, बागेतला संकर आहे. आई ग्रेव्हिलिया बँक्सी, क्वीन्सलँडच्या किनाऱ्याची. बाप ग्रेव्हिलिया बायपिनॅटिफिडा, पर्थजवळच्या डोंगरातला. (आईबाप उलटेही असतील, भांडू नका.) मधे तीन हजारांहून जास्त किलोमीटर, रानात गाठ पडणं शक्य नाही. ती पडली क्वीन्सलँडमध्ये डेव्हिड गॉर्डन यांच्या मायल पार्कच्या बागेत, १९६० च्या दशकात. रोप आपोआप उगवलं, त्याला त्यांनी मुलीचं नाव दिलं, 'रॉबिन गॉर्डन'. नंतर याच जोडीची भावंडं आली: 'सुपर्ब', 'नेड केली', 'पीचेस अँड क्रीम'. सुपर्ब नारिंगी-गुलाबी, पीचेस पिवळं फुलून गुलाबी होत जाणारं, त्यामुळे ती दोन सुटतात. लालमध्ये रॉबिन की नेड, हे झाडासमोर उभं राहूनही मी छातीठोक सांगणार नाही. नर्सऱ्यांतही पट्ट्या बदललेल्या पाहिल्यात. तुमची 'ग्रेव्ही' पट्टी जपून ठेवा, वाण ठरवायला कधी कधी पट्टी हाच एक पुरावा असतो.

आणि हो, छाटताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे. रॉबिन गॉर्डनने काही जणांच्या त्वचेवर चांगलंच पुरळ उठतं.

रानजाई
हे आधी का नाही सांगितलंत! मे महिन्यात नवऱ्याने वाळक्या काड्या काढल्या आणि दोन आठवडे हात खाजवत होता. आम्ही साबणाला दोष देत होतो.

निवडुंग
५ आणि ६ कुणी घेतलं नाही म्हणून. घंटा म्हणजे कोरिआ किंवा एरेमोफिला. दोन्हींना बाजारात 'नेटिव्ह फ्यूशिया' म्हणतात आणि दोन्ही फ्यूशिया नाहीत. घंटेची कड मोजा: चार टोकं, आत आठ पुंकेसर आणि पानं समोरासमोर असली तर कोरिआ. पाच पाळ्या, चार पुंकेसर आणि बहुधा आत ठिपके असतील तर एरेमोफिला. कोरिआ लिंबाच्या कुळातलं, पान उन्हात धरलं तर तेलाचे ठिपके दिसतात.

६ ची रोझमेरी बटाट्यांवर घालू नका. ती वेस्ट्रिंजिया. तुळशीच्या कुळातली असून बिनवासाची, कुळाचं नाव घालवलंन. फांदीच्या एका पेऱ्यावर किती पानं आहेत ते मोजा. रोझमेरीत दोन, समोरासमोर. वेस्ट्रिंजियात बहुधा चार, फांदीभोवती गोलाकार लागलेली.

रानजाई
काल रविवार, ऊन होतं. आई, मी, दोन चिमटे आणि आईचा वाचायचा चष्मा भिंग म्हणून. अहवाल देते.

६: एका पेऱ्यावर चार पानं. बटाटे वाचले.

५: चार टोकं, आठ पुंकेसर, पानं समोरासमोर. आईने पान खिडकीत धरून ठिपके दाखवले आणि वर "कढीपत्त्यालाही असतात की" म्हणाली.

२: फूल नसल्याने जात ठरली नाही. पान चुरगळल्यावर लिंबासारखा किंचित वास आला असं मला वाटतं, आईला नाही.

१ मध्ये मात्र तास गेला. एकाच फुलोऱ्यात सगळे टप्पे होते. मुकी कळी शेवयासारखी, वाकडी. तिच्या पाठीला चीर पडते आणि त्यातून लाल केस कमान करून बाहेर येतो, पण टोक अजून कळीतच अडकलेलं. आई म्हणाली, हा तर अंबाड्याचा आकडा. मी काडीने हळूच ढोसलं तर टोक टणकन सुटलं आणि बोटाला पिवळे पराग लागले. पक्ष्याच्या कपाळाला लागत असतील तसेच.

४: टोकं वळलेली. तळाशी जुनी कणसंही सापडली.

३: चोचवाली लाकडं आहेत! पानांमागे लपली होती. एक तोडून घेतलं, नखही रुतत नाही.

पानगळ
२ ला लिंबाचा वास असेल तर कॅलिस्टेमॉन सिट्रिनस (कॅलिस्टेमॉन म्हणजे बॉटलब्रशच). काही वनस्पतीशास्त्रज्ञ आता सगळ्या कॅलिस्टेमॉनना मेलाल्युका या त्याच कुळातल्या दुसऱ्या प्रजातीत घालतात. पट्टीवर तसं दिसलं तर गोंधळू नका. एरवी मेलाल्युका ओळखायची खूण म्हणजे पुंकेसर पाच जुड्यांत जोडलेले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुललं की परत या. छाटणीही तेव्हाच, फुलं सुकल्यावर लगेच, सुकलेल्या ब्रशच्या जरा मागे. जमलं तर क्रॅनबोर्नच्या ऑस्ट्रेलियन गार्डनला एक फेरी मारा. तुमच्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण झाडांना धड पट्ट्या आहेत.

रानजाई
नक्की. ते हाकियाचं लाकूड स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं होतं. आज सकाळी बघते तर चोचीपासून उभं तडकून दोन फाका झाल्यात. प्रत्येक फाकेत एक काळी बी, पापुद्र्यासारखा पंख असलेली. पेरल्या तर उगवतील?

पानगळ
उगवतील. भिजवायचं, भाजायचं काही नाही, वाळूमिश्रित मातीत अर्धा सेंटिमीटर खाली. हा संकर नाही, त्यामुळे हाकियाच येईल. रॉबिनचं मात्र बी पेरू नका, छाट लावा.