रोजच्या कामातली ऐट: तुम्ही पाहिलेली माणसं सांगा

काही माणसं खिशातला रुमाल काढून चष्मा पुसतात आणि आपण बोलायचं थांबून बघत बसतो. कपडे साधे असतात, वस्तू साधी असते, आपल्याकडे कुणी बघतंय याची त्यांना खबरही नसते. तरी त्या हालचालीत असं काही असतं की घरी जाऊन आपणही तसं करून बघतो. मला अशा लकबी गोळा करायच्या आहेत. महाग घड्याळं, ब्रँड, लग्नातले पोशाख नकोत. रोजचं काम करताना सहज दिसलेली ऐट हवी, आणि ती बारकाईने सांगा. 'फार ग्रेसफुल होत्या' एवढ्याने माझं समाधान होणार नाही. हात कुठे होता, पदर कुठे होता, ते हवं.

सुरुवात मी करतो. आमचे भूमितीचे सर फळ्यावर वर्तुळ काढताना कंपास घेत नसत. फळ्यापासून हातभर मागे उभे राहायचे, कोपर ताठ ठेवून सगळा हात खांद्यातून फिरवायचे. सुरू झालेली रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळायची. केंद्रबिंदू त्यानंतर द्यायचे, आणि तो बरोबर मध्यावर असायचा. नवा खडू हातात आला की आधी त्याचे दोन तुकडे करत, कारण लांब खडू फळ्यावर किंचाळतो. मराठी लिहिताना शब्दाशब्दाला रेघ न देता ओळ पूर्ण झाल्यावर शब्दांवरून झरझर शिरोरेषा ओढत जायचे. तास संपला की बोटं झटकायचे, आणि पांढऱ्या सदऱ्यावर खडूचा एक डाग नसायचा.

— ठाणे

*

किराणा दुकानातली पुडी! आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात छताला एक पत्र्याचा डबा टांगलेला होता. त्यात दोऱ्याचं रीळ, आणि डब्याच्या बुडाच्या भोकातून दोरा खाली लोंबायचा. दुकानदारकाका डाव्या हाताने तराजूचं पारडं कागदावर रिकामं करायचे आणि उजवा हात न बघता वर जाऊन दोरा पकडायचा. पुडी दोनदा आडवी फिरली, एकदा उभी फिरली, बोटाभोवती वेढा, आणि एक झटका. कात्री नाही, दात नाही. तोंडाने त्याच वेळी पुढच्या गिऱ्हाइकाला 'बोला वहिनी' म्हणून झालेलं असायचं. जिऱ्याची, हळदीची, शेंगदाण्याची, सगळ्या पुड्यांचे कोपरे धारदार.

प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या तेव्हा तो डबा रिकामाच लटकत राहिला. काकांचा हात मात्र मधूनच सवयीने वर जायचा.

— सातारा

*

आमचंही किराण्याचं दुकान होतं, म्हणून पुडीची रीत सांगतो. नाहीतर ती आमच्याबरोबरच जाईल. जिन्नस कागदाच्या मधोमध ठेवायचा. समोरासमोरच्या दोन कडा एकत्र आणून त्यांची पट्टी जिनसाला टेकेपर्यंत खाली दुमडत न्यायची. मग दोन्ही तोंडं आत दाबली की त्रिकोण तयार होतात. ते खालच्या बाजूला वळवायचे, म्हणजे पुडीच्या स्वतःच्या वजनानेच ते दाबून बसतात. दोरा फक्त राखणीला. आणि तोडण्यात जोर नाही. दोरा स्वतःवरच आडवा घालून झटका दिला की तो घासून तुटतो. सरळ ओढलात तर बोट कापेल.

— बार्शी

*

एसटीचे कंडक्टर कुणी कसे सांगितले नाहीत अजून? आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला चढणारी गाडी, वळणावर बसलेली माणसं एकमेकांवर कलंडतायत, आणि हा गडी मधल्या वाटेत कशालाही न धरता उभा. कंबर फक्त सीटच्या दांड्याला टेकलेली. एका काखेत तिकिटांचा ट्रे, आणि नोटा लांबीत दुमडून डाव्या हाताच्या बोटांमध्ये अडकवलेल्या. दहाच्या एका फटीत, वीसच्या दुसऱ्या, पन्नासच्या तिसऱ्या. सुट्टे देताना मोजताना दिसायचेच नाहीत. तिकिटं फाडून पंचने टक टक भोकं पाडायची आणि पंच रिकामा असला तरी बोटांत वाजत राहायचा. त्या आवाजावरून मागच्या बाकावरच्या लोकांना कळायचं की कंडक्टर कुठवर आलाय.

मला सगळ्यात आवडायचं ते घंटीच्या दोरीचं. मान न वळवता हात वर करून दोरी ओढायची. गाडी थांबवायला एकदा, सोडायला दोनदा. म्हातारी बाई उतरत असली तर तिचे दोन्ही पाय जमिनीला लागल्याखेरीज दुसरी घंटा नाही. १९४८ साली पुणे ते नगर पहिली एसटी धावली. त्यानंतरच्या किती पिढ्यांनी हे एकमेकांचं बघून उचललं असेल! आता तिकिटाचं मशीन आहे, काम सोपं झालं, ते चांगलंच झालं. पण उभं राहण्याची ती पद्धत अजून जुन्या कंडक्टरांत दिसते.

— पोलादपूर

*

कंडक्टरवरून आठवलं. मी जपानमध्ये राहते. इथे रेल्वेचे चालक पांढरे हातमोजे घालून प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवतात आणि त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. केबिनमध्ये एकटे असले तरी. चूक होऊ नये म्हणून घालून दिलेली ही शिस्त आहे, पण बघताना नाचातला हात वाटतो. कोपर सरळ, बोट ताठ, आणि लगेच हात जागेवर. लहान मुलं चालकाच्या मागच्या काचेला नाक लावून तसंच बोट दाखवत असतात.

— योकोहामा

*

वेंगुर्ल्याच्या बाजारात फेब्रुवारी-मार्चमध्ये या, सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, घेऊन बायका बसलेल्या असतात. आसोलीची सुरंगी आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. कळी उमलायच्या आत काढावी लागते, म्हणून अंधारातच झाडावर चढायचं. फांद्यांवर मुंग्या असतात, त्या चावतात. इतकं करून आणलेलं फूल माझी आजी केसात कसं माळायची ते सांगते. आरशासमोर कधीच नाही. मागच्या पडवीत उभी राहून, आकडा दातात धरून, एका हाताने अंबाडा सावरत. वळेसर अंबाड्याभोवती पुरा फिरवायची नाही. डाव्या बाजूला अर्धचंद्र, बस्स. 'सगळा भरलास तर देवीची मूर्ती दिसतंस, माणूस नाय,' म्हणायची.

संध्याकाळी तो काढून उशाशी ठेवायची. सुरंगी वाळली तरी वास जात नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तो पेटीत, साड्यांच्या घड्यांत. आमच्या घरातल्या पाहुण्यांच्या चादरींना सुद्धा तो वास असायचा. पलीकडे गोव्यात अबोलीची फाती माळतात, तीही सुईशिवाय केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या सालीच्या धाग्याने गुंफलेली. सुरेखच दिसते. पण सुगंधाच्या बाबतीत मी सुरंगीच्याच बाजूची.

— सिंधुदुर्ग

*

शांताबाई शेळक्यांचा कुठलाही फोटो बघा. दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर आणि ठसठशीत कुंकू. इतकी मोठी कवयित्री, इतके सत्कार, पण नेसण्यात कधी फरक नाही. आणि त्याच पुण्यात इरावती कर्वे साडी नेसून स्कूटर चालवत, तेही बायका सायकलवर दिसल्या तरी माना वळायच्या त्या काळात. दोघींचं टोक वेगळं, पण आपलं एकदा ठरलं की रोज तेच, ही गोष्ट दोघींत आहे. मला त्यातच खरी ऐट दिसते.

— पुणे

*

आमच्याकडं कोल्हापुरात पायताण घालणं हा अभ्यासाचा विषय आहे. आजोबांचं कापशी गावचं पायताण होतं, कर्र कर्र वाजणारं. गल्लीच्या टोकाला आवाज आला की घरात चहाचं आधण चढायचं. पण ऐट त्या आवाजात नव्हती. कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्याबाहेर पायताण काढायचे आणि वाकून त्याची तोंडं रस्त्याकडं करून, जोडी भिंतीला लावून ठेवायचे. निघताना पाय सरळ आत. धडपड नाही, भिंतीला हात नाही, बोलणं मध्येच तुटणं नाही. पावसाळ्यात ते घालायचे नाहीत. तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून माळ्यावर. कातडं भिजलं की फुगतं आणि आकार जातो. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपले चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे आहेत. चप्पल आता दूरदूर जाते. ती काढून ठेवायची रीतही तिच्याबरोबर जावी असं मला मनापासून वाटतं.

— कोल्हापूर

*

आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताई. साडीवर पुरुषी फुल शर्ट, जसा शेतात आणि बांधकामावर बायका घालतात तसा. पण बाह्या कोपराखाली बरोब्बर दोन घड्या. दोन्ही हातांना सारख्याच. वरचं बटण लावलेलं, पदर शर्टाच्या आत खोचलेला. डबा उचलताना झाकण उलटं करून गाडीच्या कडेवर ठेवतात, जमिनीवर नाही, आणि परत लावताना कडी बाहेरच्या बाजूला येईल असा डबा फिरवून ठेवतात, म्हणजे आम्हाला सकाळी वाकून शोधायला नको. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मला या धाग्यात एक म्हणायचं आहे. सहज दिसणारी ऐट ही सवड असलेल्यांचीच असते असं समजू नका. ताईंना सकाळी अनेक इमारती उरकायच्या असतात. तरी त्या दोन घड्या चुकत नाहीत.

— पिंपरी

*

मिरजेतलं सांगतो. तंबोऱ्याची जवारी लावणारे, म्हणजे तारेचा आवाज खुलवून देणारे कारागीर आमच्या शेजारी होते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पृष्ठभागावर कानस फिरवायची, फुंकर मारायची, तार छेडायची, परत कानस. डोळे वाद्यावर नसायचेच. समोरच्या भिंतीवर किंवा रस्त्यावर नजर, आणि कान सगळा तारेत. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचे. एक केस इकडे, एक केस तिकडे. एका जागी पोचला की बंद आवाज एकदम उघडतो आणि खोली भरते. त्या क्षणी ते हात उचलून घ्यायचे. पुन्हा एकदा वाजवून खात्री नाही, गिऱ्हाइकाकडे बघणं नाही. वाद्य उचलून सरळ मांडीवर द्यायचे.

मैफलीत मागे बसलेले चांगले साथीदार बघा. गाणं रंगात असताना एखादी तार किंचित उतरते. खुंटीला हात लावला तर सगळ्यांना कळेल, म्हणून ते घोडीच्या पलीकडचा, तारेत ओवलेला मणी बोटाने हलकेच सरकवतात. तंबोरा वाजवणारी बोटं थांबत नाहीत. पुढच्या रांगेतल्यांना सूर परत जुळला एवढंच जाणवतं. मी गायकापेक्षा त्यांच्याकडेच बघत बसतो, आणि माझं त्यात काही बिघडलेलं नाही.

— मिरज

*

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामी मांडे करायची. पुरण भरलेली पोळी लाटून झाली की पोळपाटावरून उचलायची आणि दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठी करायची. मनगटापर्यंत, मग जवळजवळ कोपरापर्यंत. फाटत नाही, पुरण एका जागी जमत नाही. मग पालथ्या खापरावर एकाच लहरीत पसरायची. बांगड्या आधीच काढून फडताळात. चुलीचा जाळ, मे महिन्याची गरमी, आणि मामीच्या कपाळावर केसाची एक बट सुद्धा सुटलेली नाही. खान्देशातलं कुणी असेल तर त्यांना वेगळं सांगायला नको.

— जळगाव

*

माझी आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिच्याकडे मनगटी घड्याळ नव्हतं. छातीवर पिन लावलेलं, उलटं टांगलेलं छोटं घड्याळ. हात मोकळे आणि स्वच्छ राहावेत म्हणून ती पद्धत. रुग्णाची नाडी धरायची, नजर किंचित खाली, ओठ मिटलेले. त्या वेळात रुग्णाला वाटायचं की ही आपल्याकडेच एकाग्र झाली आहे, आणि तो शांत व्हायचा. निवृत्तीनंतरही कुणाचा हात हातात घेतला की तिची तीन बोटं आपोआप नाडीवर जातात. नातवंडांना ते लाड वाटतात.

घरातल्या पलंगांना ती अजून दवाखान्याचे कोपरे घालते. पाहुणे आले की पहिल्यांदा चादरीकडे बघून विचारतात, हे कुणी केलं?

— नाशिक

*

नाशिकच्या ताई, ते कोपरे कसे घालायचे ते सांगाल का? वसतिगृहात नवीन मुली आल्यात, त्यांना दाखवायचंय.

— औरंगाबाद

*

सांगते. आईला विचारून लिहितेय, ती शेजारीच बसली आहे. चादर सारखी पसरून आधी पायाकडची बाजू गादीखाली सपाट खोचा. मग कोपऱ्यापासून हातभर अंतरावर चादरीची लोंबणारी कड धरून वर उचला आणि गादीवर टाका, म्हणजे गादीच्या कडेला त्रिकोण दिसेल. खाली जो भाग लोंबत राहिला तो आत खोचा. आता वरचा त्रिकोण खाली सोडा, एका हाताने कोपरा गादीच्या कडेशी दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने उरलेली कड आत घाला. तिरकी घडी आली पाहिजे. हाताचा तळवा खाली ठेवून खोचायचं, म्हणजे लोखंडी पट्टीवर बोटांची सालं निघत नाहीत. उशाकडेही असंच. आई म्हणते, मुलींना आधी रिकाम्या पलंगावर शिकवा, मग त्यांच्यातल्याच एकीला झोपवून तिच्या अंगाखालची चादर बदलायला लावा.

— नाशिक