बिस्त्रोमध्ये काय मागवावं?

लसूणपाकळी: छोट्या फ्रेंच धाटणीच्या बिस्त्रोत जायचंय. स्वयंपाकघर चांगलं आहे हे कशावरून ओळखावं?

मंदआच: कांद्याचं सूप मागवा, तिथेच परीक्षा होते. कांदा लोण्यात मंद आचेवर पाऊण ते एक तास परतावा लागतो. घाईत आच वाढवली की कडा करपतात, आतून कच्चा राहतो आणि सूप कडवट होतं. साखरेने रंग आणला असेल तर पहिल्याच चमच्याला नुसता गोडवा. वरचा पाव आधी कडक भाजलेला नसेल तर चीजसकट लगदा होऊन तळाशी जातो.

लसूणपाकळी: शाकाहारी असतं का?

मंदआच: सहसा नाही, स्टॉक, म्हणजे सूपसाठी आधी उकळून घेतलेलं पाणी, बहुतेक वेळा गोमांसाचा असतो. विचारून घ्या.

तळणीवाला: स्टेक सांगताना जपून. ‘आ प्वाँ’ म्हणजे आत गुलाबीच, साधारण 55 अंश सेल्सिअस. पूर्ण शिजलेला हवा तर ‘ब्यँ क्वी’ म्हणा. फ्राईज दोनदा तळलेल्या हव्यात: आधी 150–160 अंशांवर शिजवून, थोडं थांबून 180–190 वर. एकदाच तळल्या की ताटात येईपर्यंत मऊ पडतात.

गोडघाशी: सूफ्ले (फेटलेल्या अंड्यामुळे भट्टीत फुगणारा हलका गोड पदार्थ) हवं तर जेवणाबरोबरच सांगून ठेवा, ते ऐनवेळीच भाजतात. आणि फोटो नंतर! मिनिटा-दोन मिनिटांत बसतं ते.