छोट्या बग्गीत डिझेल इंजिन आणि बायोडिझेल: मदत हवी आहे

मंडळी, जरा अडलोय. चिखलमातीत फिरवायच्या जुन्या बग्गीचं पेट्रोल इंजिन काढून एका सिलिंडरचं एअर-कूल्ड डिझेल बसवलंय. सुरू झटक्यात होतं, पण गाडी जागची हलायला कुरकुरते. कारण कळतंय: बेल्टवाली सीव्हीटी (दोन पुली आणि बेल्टवर चालणारा, गिअर आपोआप बदलणारा गिअरबॉक्स) पेट्रोल इंजिनाच्या वेगासाठी जुळवलेली, आणि हे डिझेल ३६०० आरपीएमच्या वर जातच नाही. पुढच्या पुलीतली वजनं जड करायची, की आधी स्प्रिंग मऊ घालायची? स्वतः केलेल्यांनीच सांगा. बेल्टला करपल्याचा वास यायला लागलाय, त्यामुळे प्रयोग करत बसायची हिंमत नाही.

दुसरं इंधनाचं. २० टक्के बायोडिझेल मिसळलं. (१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चाललं होतं, मग माझं का नाही, हा आमचा आत्मविश्वास!) तिसऱ्या टाकीलाच फिल्टर चोंदला. कापून पाहिला तर आत काळा, चिकट गाळ. टाकीत साचलेला जुना मळ बायोडिझेलने सुटतो, हे माहीत आहे. दोन-तीन फिल्टर बदलून भागेल, की टाकी उतरवून धुवावीच? रबरी नळीही फुगून मऊ पडलीय. ती व्हिटॉनची (बायोडिझेलला टिकणाऱ्या खास रबराची) घालणारच आहे, पण इंजेक्शन पंपातली सीलं लगे हात बदलावीत का?

साधं खाद्यतेल घाला, असं कृपया सुचवू नका. ते तापवून पातळ करायला हीटर आणि वेगळी टाकी लागते, आणि या चेसिसवर तळहाताएवढीही जागा उरलेली नाही.