रेसिंग कारमध्ये शेजारच्या सीटवर बसायचंय, पण मला गाडी लागते – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या शनिवारी मला रेसिंग कारमध्ये चालकाच्या शेजारी बसून ट्रॅकवर तीन फेऱ्या मारायच्या आहेत. मामेभाऊ हौशी शर्यतींत उतरतो. सरावाच्या दिवशी त्याच्या गाडीत दुसरी सीट बसवणार आहेत. त्याने फोनवर विचारलं, मी "हो" म्हणून बसलो, आणि त्या रात्रीपासून पोटात गोळा आलाय.

कारण मला गाडी लागते. स्वतः चालवताना कधीच नाही. पण घाटात मागच्या सीटवर बसलो की तिसऱ्या वळणाला खिडकी उघडावी लागते. पुढे बसलो तर वेगळीच तऱ्हा. बायको म्हणते, तिच्या शेजारी बसून मी उजवा पाय असा दाबत राहतो जणू तिथे ब्रेक आहे. खोटं नाही, मॅटला त्या जागी खळगा पडलाय.

तर प्रश्न असे: हेल्मेटमध्ये उलटी झाली तर काय करायचं? गोळी घेऊन बसावं का? संगणकावर बसून बसून मान दुखते, ती टिकेल का? चष्म्याचं काय? आणि मध्येच थांबावंसं वाटलं तर त्या आवाजात भावाला सांगायचं कसं?

भावाला हे सगळं विचारून झालंय. त्याचं उत्तर: "तू फक्त बस रे, मजा येते." ही माहिती पुरेशी नाही.

दुसरागिअर:
मी ट्रॅकवर नवख्यांना शिकवतो. म्हणजे दिवसभर शेजारच्या सीटवरच असतो, तेही माझ्याहून वाईट चालवणाऱ्यांच्या. त्यामुळे तुमचा प्रश्न माझा रोजचा आहे.

दोष पोटाचा नाही. आतल्या कानाला हालचाल कळते, डोळ्यांना वेगळंच दिसत असतं, आणि मेंदूला त्याचा मेळ लावता येत नाही. चालकाला त्रास होत नाही, कारण वळणाच्या आधी त्याला ठाऊक असतं की आता आपण वळणार. मान, डोळे, पोट सगळं आधीच तयारीत असतं. शेजारच्याला मात्र वळण अंगावर आल्यावर कळतं. म्हणजे औषध हेच, की पुढे काय होणार ते तुम्हालाही चालकाइतकंच आधी कळलं पाहिजे.

भावाकडून त्याच ट्रॅकचा, त्याच गाडीतल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ मागवा. रोज चार-पाच वेळा बघा. वळणं पाठ करा: पहिलं उजवं, मग लांबलचक डावं, वगैरे. ब्रेक कुठे लागतो ते बघा. मोठ्या वळणाआधी बहुतेक ट्रॅकवर २००, १५०, १००, ५० अशा मीटरच्या पाट्या असतात. शनिवारपर्यंत डोळे मिटून अख्खी फेरी तोंडाने सांगता आली पाहिजे.

प्रत्यक्ष बसल्यावर नजर बॉनेटवर नको, भावाच्या हातांवर नको, स्पीडोमीटरवर तर अजिबात नको. वळण जिथे संपतं तिथे बघा. गाडी अजून वळायची असेल तेव्हाच डोळे पुढे पोचलेले असावेत.

एक आकडा सांगून ठेवतो, म्हणजे दचकणार नाही. २०० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी चांगल्या टायरवर दीड जीने (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट जोराने) ब्रेक मारते तेव्हा सव्वादोन सेकंदांत, नव्वदेक मीटरमध्ये ८० वर येते. रस्त्यावरच्या सवयीने तुम्हाला १५० च्या पाटीलाच वाटेल की आता मेलो, हा विसरला. तो विसरलेला नसतो. खोटा ब्रेक तुम्ही तिथेच दाबणार. दाबा, त्याने कुणाचं बिघडत नाही.

ट्रॅक किती लांबीचा आहे? त्यावर बरंच अवलंबून आहे.

धागाकर्ता:
साधारण चार किलोमीटर. भावाची फेरी दोन मिनिटांच्या आत होते.

दुसरागिअर:
मग तीन फेऱ्या म्हणजे जेमतेम सहा मिनिटं. त्यातली पहिली टायर तापवण्यात जाते, थंड टायर पकड धरत नाहीत. मळमळ बहुतेकांना चढत चढत येते, पहिल्या मिनिटाला नाही. न्युर्बुर्गरिंगचा जुना नॉर्डश्लायफे ट्रॅक असता, २०.८ किलोमीटर आणि सत्तरवर वळणं, तर मी वेगळं बोललो असतो.

थांब_जरा:
सगळे पोटाचं बोलताय, मी रंगाचा बेरंग करतो. धागाकर्ते, आधी भावाला हे विचारा. सरावाच्या सत्रात शेजारी माणूस बसवायला आयोजकांची परवानगी आहे का? कित्येक ठिकाणी नसते, आणि ट्रॅकवरच्या शर्यतीत तर प्रश्नच येत नाही. दुसरी सीट नेमकी कशाला बोल्ट केलीय? तुमचा हार्नेस, म्हणजे सीटला बांधून ठेवणारे पट्टे, त्याच्यासारखाच पाच किंवा सहा बिंदूंचा आहे, की मूळ गाडीतला जुना पट्टा लटकतोय? चालकाच्या अंगावर जे जे आहे ते ते शेजारच्याच्या अंगावर असलं पाहिजे. "पाहुण्याला काय होतंय" हे ऐकलंत तर घरी या.

आणि सही करायला जो कागद देतील तो वाचा. त्यात बहुधा लिहिलेलं असतं की जे होईल ती तुमची जबाबदारी. तुमच्या विम्यातून मोटरस्पोर्ट वगळलंय का, तेही पॉलिसी काढून बघा. मान नुसती अवघडते की मणक्याचं काही निदान झालंय? झालं असेल तर आधी डॉक्टर, मग भाऊ.

धागाकर्ता:
नुसती अवघडते. डॉक्टरांना दाखवून झालंय, व्यायाम दिलेत (करत नाही). सीट आणि परवानगीचं आज विचारतो. हे खरंच डोक्यात आलं नव्हतं.

कानटोपी:
मानेबद्दल. डोकं साधारण पाच किलो, हेल्मेट दीड. दीड जीच्या वळणात मान दहा किलो एका बाजूला तोलत असते. हान्स नावाची कॉलर देतील, रॉबर्ट हबर्ड यांनी शोधलेली, फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून सक्तीची. ती खांद्यांवर बसते, हार्नेसचे पट्टे तिच्यावरून जातात, आणि हेल्मेट दोन छोट्या पट्ट्यांनी तिला बांधलेलं असतं. पण ती टक्कर झाली तर डोकं पुढे भिरकावलं जाऊ नये म्हणून आहे. वळणात डोकं कलतं त्याला तिचा उपयोग नाही. त्यासाठी सीटला डोक्याच्या दोन्ही बाजूंना कान असतात. डोकं तिथे खुशाल टेकवा, कमीपणा नाही.

हार्नेसचा कमरेचा पट्टा आधी आवळायचा, तो पोटावर नको, खाली माकडहाडाच्या... चुकलो, ओटीपोटाखालच्या दोन हाडांवर. मग खांद्याचे. मोठा श्वास घेता आला तर पट्टा सैल आहे असं समजा.

मोटरसायकलचं हेल्मेट चालेल का असं पुढे विचाराल म्हणून आत्ताच सांगतो: नको. स्नेल ही हेल्मेटं तपासणारी संस्था. तिच्या एम (मोटरसायकल) शिक्क्याच्या हेल्मेटची आगीची चाचणी होत नाही, एसए (कार रेसिंग) शिक्क्याच्या हेल्मेटची होते. रोल केजच्या, म्हणजे गाडीच्या आतल्या लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्याच्या, नळीवर डोकं आपटलं तर काय, हेही एसएमध्ये तपासतात. फायरसूटच्या आत सुती कपडे घाला. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

चष्मा: आधी हेल्मेट, मग चष्मा. उलट केलंत तर काड्या वाकतात.

आणि हात मांडीवर किंवा छातीपाशी पट्ट्यांवर. केजची नळी धरायची नाही. गाडी उलटली तर बोटं नळी आणि जमिनीच्या मध्ये येतात.

उंटावरचा_शहाणा:
धागाकर्ते, तुम्ही मोठ्या परंपरेतले आहात. १९५५ च्या मिल्ले मिलियात, म्हणजे इटलीतल्या हजार मैलांच्या रस्त्यावरच्या शर्यतीत, स्टर्लिंग मॉस या ब्रिटिश चालकाच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन हा पत्रकार बसला होता. आधी रस्ता पालथा घालून त्याने वळणांच्या टिपा काढल्या, त्यांची पाचेक मीटर लांबीची गुंडाळी एका डबीत बसवली, आणि ती फिरवत हाताच्या खुणांनी मॉसला पुढचं वळण सांगत गेला. आवाजात ऐकू येणं शक्यच नव्हतं. १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत, ताशी १५७ किलोमीटरच्या सरासरीने ते जिंकले.

आणि याच माणसाला वाटेत उलटी झाली. त्यासाठी उघड्या गाडीतून बाहेर वाकला तर वाऱ्याने चष्मा उडवून नेला. जवळ दुसरा होता म्हणून निभावलं. तर पाठांतर करा आणि जादा चष्मा ठेवा.

गुळणी:
गोळीबद्दल एवढंच: सिनारिझिन, मेक्लिझिन, प्रोमेथाझिन ही सगळी कमीजास्त झोप आणतात, आणि मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा फायदा नसतो, तासभर तरी आधी लागतात. दुसरी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. त्या दिवशी पहिल्यांदाच घेऊ नका, आधी एखाद्या साध्या प्रवासात घेऊन बघा. उपाशीपोटी बसू नका, तुडुंब पोटानेही नाही. दोनेक तास आधी थोडं कोरडं खा.

खुणा गाडी उभी असतानाच ठरवा. अंगठा वर म्हणजे ठीक. मांडीवर दोनदा थाप म्हणजे हळू कर. हात आडवा म्हणजे पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यात) चल. आणि भावाने ती खूण थट्टेवारी न्यायची नाही हेही ठरवा, भाऊ लोकांचं काही सांगता येत नाही.

धागाकर्ता (शनिवार, रात्री):
मंडळी, जाऊन आलो. आधी महत्त्वाचं: उलटी झाली नाही.

परवानगी होती. सीट मात्र बदलावी लागली. आधीच्या सीटचा एक बोल्ट नुसत्या पत्र्यात होता, मागे प्लेट नव्हती. मी विचारल्यावर भावाने खाली वाकून बघितलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. थांब_जरा, तुमचे खास आभार.

गोळी घेतली नाही. मंगळवारी घेऊन बघितली तर दुपारी ऑफिसात डुलक्या आल्या. व्हिडिओ मात्र वीसेक वेळा बघितला. अकरा वळणं, बायकोलाही पाठ झाली.

मेकॅनिकने पट्टे ओढले तेव्हा वाटलं याचं माझ्याशी जुनं वैर आहे. गाडी सुटली आणि पहिला धक्का आवाजाचा. इंजिनापेक्षा गिअरबॉक्सची किणकिण मोठी, आणि चाकांनी उडवलेले खडे खालच्या पत्र्यावर गारांसारखे वाजत होते. दुसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर २०० ची पाटी गेली, १५० ची गेली, आणि मी ब्रेक दाबला. माझा. १०० च्या पाटीला भावाने त्याचा दाबला, तेव्हा पट्ट्यांनी मला असं धरलं की शिंक अडकल्यासारखं झालं. हनुवटी छातीला. पण पुढचं वळण उजवं आहे हे ठाऊक होतं, म्हणून डोळे आधीच तिकडे होते, आणि पोट गप्प राहिलं.

घोटाळा एकदाच झाला. सातव्या वळणात वेग बघायला म्हणून त्याच्या डिस्प्लेकडे नजर टाकली आणि दोन सेकंदांत तोंडाला पाणी सुटलं. लगेच मान वर. आठव्यानंतर उतरलं. दुसरागिअर यांनी सांगितलेलं एवढं एकच मोडलं, तर तिथेच सापडलो.

मान उद्या कळेल. आज दुखतेय ती उजव्या पायाची पोटरी.

कानटोपी:
व्यायाम करा आता. चष्मा?

धागाकर्ता:
नाकावर. दुसरा खिशात होता.