मदत हवी आहे: दुकानातून आणलेली चेनसॉ रोजच्या धंद्याला पुरते का?

नमस्कार मंडळी,

झाडं छाटायचं आणि पडलेली खोडं तोडून द्यायचं काम मी चार वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली केलं. मशीन त्यांचं, पेट्रोल त्यांचं, मी फक्त चालवायचो. पाच महिन्यांपूर्वी स्वतःचं काम सुरू केलं आणि हाताशी होते तेवढ्या पैशांत मोठ्या दुकानातून एक चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, उचलून आणली. ४० सीसी, १६ इंची बार (ज्यावर चेन फिरते ती पट्टी). खोक्यावर ‘हेवी ड्यूटी’ असं छापलंय.

फांद्यांच्या कामात तिनं कधी त्रास दिला नाही, हे आधी सांगतो. अडचण जाड खोडाला येते. आठवड्यातले चार दिवस, दिवसाला तीनेक तास मशीन चालतं. दुपारी इंजिन तापलेलं असताना बंद केलं, की पुन्हा चालू करायला दोरी ओढून ओढून हात भरून येतो. खोडात अर्ध्यावर गेलं की दम तोडते. आणि हादरे फार. परवा घरी येऊन गार पाण्यानं हात धुतले, तर उजव्या हाताची दोन बोटं पांढरीफटक पडली. शर्टाचं बटण बोटाला लागतंय की नाही तेच कळेना. बायकोनं बटणं काढून दिली. तेव्हापासून ती रोज विचारते, मशीन बदलणार कधी?

तर विचारायचं हे, की दुकानातल्या मशीनवर धंदा करणारं इथं कुणी आहे का? माझं मशीनच कमी पडतंय, की माझं काही चुकतंय? महागडं मशीन घ्यायचं तर कर्ज काढावं लागेल, म्हणून खात्री करून घ्यायची आहे.

प्रतिसाद

आधी बोटांचं. डॉक्टरांना दाखवा, आणि ‘मी चेनसॉ चालवतो’ हे आवर्जून सांगा. हादऱ्यांनी बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. सुरुवातीलाच थांबलात तर बरं, पुढे गेलेलं दुखणं सहसा माघारी येत नाही. युरोपातल्या २००२ च्या नियमात आठ तासांच्या हिशेबानं हातांना बसणाऱ्या हादऱ्यांची २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही काळजी घ्यायची पातळी आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. मशीनच्या पुस्तिकेत दोन्ही मुठींच्या हादऱ्यांचे आकडे दिलेले असतात, ते काढून बघा.

आता मशीन. कुठून घेतलं यापेक्षा कुठल्या वर्गातलं आहे ते बघा. एकाच कंपनीची घरगुती, शेतीची आणि व्यावसायिक अशी वेगवेगळी मशीनं असतात आणि बाहेरून ती भावंडं दिसतात. फरक उघडल्यावर कळतो. बऱ्याच घरगुती मशीनमध्ये क्रँकशाफ्टचे (इंजिनच्या फिरत्या दांड्याचे) बेअरिंग ज्यात बसतात तो भाग प्लॅस्टिकच्या बॉडीत स्क्रूनं आवळलेला असतो. व्यावसायिक मशीनला मॅग्नेशियमची क्रँककेस (त्या दांड्याभोवतीचं कवच) असते, ती उष्णता झेलते आणि बेअरिंग जागचे हलू देत नाही. हादरे अडवायला चांगल्या स्प्रिंगा असतात. वजन मात्र फारसं वाढत नाही. स्टिल (Stihl) कंपनीची एमएस २५० आणि एमएस २६१ ही मशीनं शेजारी ठेवा: पहिली ४५.४ सीसी, २.३ किलोवॅट, ४.६ किलो, दुसरी ५०.२ सीसी, ३ किलोवॅट, ४.९ किलो. तीनशे ग्रॅम जास्त उचलून एवढी ताकद मिळते.

मशीन अमेरिकी नियमांप्रमाणे बनवलेलं असेल तर इंजिनवरचा स्टिकर वाचा. त्यावर ५०, १२५ किंवा ३०० तास लिहिलेले असतात. धूर मर्यादेत राहण्याची ती मुदत आहे, इंजिनचं आयुष्य नव्हे. तरी बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण गिऱ्हाईक होतं ते त्यावरून समजतं. तुमचे आठवड्याचे बारा तास होतात, म्हणजे ५० तास महिन्याभरात संपले.

दुसरा प्रतिसाद

वरचं सगळं पटतं, पण कर्ज काढण्याआधी धार तपासा. भुसा कसा पडतोय? चेन धारेची असेल तर जाड कपचे उडतात. पिठासारखी बारीक पूड पडत असेल तर तुम्ही चेन रेटताय, म्हणून इंजिन तापतंय आणि हादरेही वाढलेत. दर टाकीला गोल कानस फिरवा, प्रत्येक दाताला सारखे हात, आणि कानस चेनच्या मापाचीच हवी. दातापुढचा उंचवटाही मोजा, तो दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. जास्त घासलात तर चेन लाकडात घुसते आणि बारच्या टोकाचा वरचा भाग लागला की मशीन उसळून अंगावर येतं.

दुसरं, सायलेन्सर काढून त्या भोकातून पिस्टन बघा. पिस्टन गुळगुळीत असेल तर ठीक. उभे ओरखडे दिसले तर ऑइल कमी पडलंय किंवा हवा जास्त जातेय. पेट्रोल ५० ला ऑइल १, म्हणजे लिटरला २० मिली, मापानं ओता. अंदाजानं ओतलेल्या ऑइलनं चांगली मशीनंही गेलेली मी पाहिली आहेत.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज सायलेन्सर काढला. पिस्टनवर चार उभे ओरखडे आहेत, नख अडकतं. ऑइल मी मापानंच घालत होतो, पण पेट्रोल दोन-दोन महिने कॅनमध्ये पडून असायचं. स्टिकरवर ५० तास लिहिलेत. चेनचे डावे दात उजव्यांपेक्षा आखूड निघाले, हा दोष माझाच.

डॉक्टरांनी पंधरा दिवस मशीन धरायला मनाई केली आहे. ही चेनसॉ यापुढे फांद्यांपुरतीच ठेवीन. जाड खोडांसाठी ५० सीसीचं व्यावसायिक मशीन महिनाभर भाड्यानं घेतोय, पटलं तरच कर्ज काढीन. कुणी अशी भाड्याची मशीन वापरली असेल तर घेताना काय काय तपासून घेऊ, तेवढं सांगा.