हवामान धोरणावरचं लॉबिंग उघड करणं कंपन्यांना सक्तीचं हवं का?

मृगधारा: शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्यातलं सातवं तत्त्व सरकारी धोरणांवर प्रभाव टाकण्याबद्दल आहे. पण सक्तीच्या भागात विचारतात काय, तर तुम्ही कोणत्या उद्योगसंघटनांचे सभासद आहात! कोणत्या धोरणासाठी, कोणत्या मार्गाने प्रयत्न केले हा खरा प्रश्न ऐच्छिक भागात आहे. तो सक्तीचा व्हायलाच हवा.

हिशेबनीस: असहमत. असे अहवाल भरणं हे माझं रोजचं काम आहे. सक्ती झाली की 'आम्ही शाश्वत विकासाला पाठिंबा देतो' एवढंच वाक्य दरवर्षी छापून येईल. आणि सरकारी धोरणाच्या मसुद्यावर म्हणणं मांडणं हा उद्योगांचा हक्क आहे, त्यात गैर काय?

मृगधारा: गैर काहीच नाही, म्हणून तर नावानिशी मांडा म्हणते. मोटारींच्या इंधनक्षमतेचे कॅफे-३ निकष घ्या. २०२५ च्या मसुद्यात ९०९ किलोपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना सवलत सुचवली होती. मारुती सवलतीच्या बाजूने, टाटा मोटर्स आणि महिंद्रा विरोधात. तिन्ही कंपन्या सियाम या वाहन उत्पादकांच्या एकाच संघटनेच्या सभासद! संघटनांची यादी वाचून कोण कुठल्या बाजूला आहे, हे कुणाला तरी कळेल का? आपल्याला कळलं ते बातम्यांमुळे.

घाटमाथा: कायद्यापेक्षा भागधारकांचा रेटा जास्त कामाचा. बीएचपी या खाणकंपनीने २०१७ मध्ये आपल्या संघटनांच्या हवामानविषयक भूमिका तपासून अहवाल छापला आणि पुढे जागतिक कोळसा संघटना सोडली. आपल्याकडे एलआयसी आणि म्युच्युअल फंडांनी हे विचारायला हवं, पैसा आपलाच आहे त्यांच्याकडे.

हिशेबनीस: त्यापेक्षा सोपा उपाय आहे. मसुद्यावर आलेल्या सगळ्या सूचना मंत्रालयानेच जशाच्या तशा प्रसिद्ध कराव्यात. महाराष्ट्र वीज नियामक आयोग वीजदराच्या आदेशात कुणी काय हरकत घेतली ते छापतोच की. हजार कंपन्यांच्या मागे लागण्यापेक्षा एका खात्याला शिस्त लावा.

मृगधारा: ही सूचना पटली, पण ती अपुरी आहे. लेखी म्हणणं त्यात येईल, बंद दाराआडच्या बैठका येणार नाहीत. आणि संघटनेच्या नावाने गेलेल्या पत्रामागे कोणत्या सभासदाचा आग्रह होता, ते मंत्रालयालाही दिसत नाही. ते फक्त कंपनीच सांगू शकते, म्हणून प्रश्न कंपनीलाच विचारायचा.